सिस्टरबाईंना विचारा: हेलिकॉप्टर येईस्तोवर

प्रश्न: सिस्टरबाई, नमस्कार. मागच्या पावसाळ्यात बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टर उलटला आणि माझा चुलतभाऊ त्याखाली दबला. छातीला जबर मार होता. पर्लकोटेला पूर, पुलावर पाणी, रस्ता बंद. पोलीस जवान जखमी झाला की हेलिकॉप्टर येतं आणि नागपूरला नेतं. आमच्यासाठी येतं का? फोन कोणाला करायचा? भाऊ वाचला, पण ती रात्र आमच्या घरात कोणी विसरलं नाही.
– एक वाचक, भामरागड तालुका

उत्तर: भाऊ, येतं. पुरात अडकलेल्या बाळंतिणीला, जखमीला आपल्या गडचिरोली जिल्ह्यात पोलिसांच्या हेलिकॉप्टरने हलवलेलं आहे. पण 108 वर फोन केला की जशी गाडी निघते, तसं हेलिकॉप्टर निघत नाही. आपल्याकडची 108 ही रस्त्यावरची सेवा. हेलिकॉप्टरची मागणी दवाखान्याचे डॉक्टर वर कळवतात आणि निर्णय जिल्हा प्रशासन व पोलीस मिळून घेतात. म्हणून आधी 108 लावा, रस्ता बंद असल्याचं स्पष्ट सांगा आणि लगेच जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 वर कळवा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, जो हाताशी असेल त्यालाही सांगा.

पण फोन करून घरी वाट पाहत बसू नका. नदीच्या अलीकडे जो दवाखाना असेल तिथे माणूस पोचवा. खाटेवर न्या, बंडीत न्या, पण न्या. दुखापत काय आहे, श्वास कसा चालला आहे, शुद्ध आहे का, हे डॉक्टरच्या तोंडून गेलं तरच मागणीला वजन येतं. आणि वेळ घालवू नका. अंधार पडला किंवा ढग खाली उतरले की जंगलावरून उडणं अवघड होतं. सकाळी मार लागला आणि ‘बघू संध्याकाळपर्यंत’ म्हटलं, तर दिवस हातचा गेला.

आता तुमच्या पत्रातल्या ‘छाती’ या शब्दावर थांबते, कारण माझा जीव तिथेच अडकला. मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. एकदा बैलाने शिंग मारलेला गुराखी आमच्याकडे आला. दुपारी हेलिकॉप्टर मैदानात उतरलं. स्ट्रेचर उचलणार तेवढ्यात आमच्या तरुण डॉक्टरांनी पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला श्वासाचा आवाजच नाही. ते म्हणाले, “सिस्टर, नळी टाकायची, आत्ताच.” बाहेर पंखा फिरतोय आणि गुराख्याचा भाऊ माझा हात धरून म्हणतो, “बाई, आता कायले टोचता जी? घेऊन जा ना लवकर!” बरगड्यांमधून नळी आत गेली आणि सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी हवा फुस्सकन बाहेर आली. त्याच्या निळ्या पडलेल्या ओठांवर रंग परतताना मी पाहिला. मग आम्ही त्याला उचललं.

हे का करावं लागलं, ते समजून घ्या. फुप्फुसाला भोक पडलं की हवा छातीच्या पिंजऱ्यात साठते आणि फुप्फुस दाबते. वर जाऊ तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कोंडलेली हवा फुगते. 3,000 फुटांवर ती सुमारे दहाव्या हिश्शाने वाढते, तर विमानातल्या हवेचा दाब 8,000 फुटांवरच्या इतका असला तर एक तृतीयांशाने. आणि हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोपने काहीही ऐकू येत नाही, थरथरीत नाडीही नीट हाताला लागत नाही. जे ओळखायचं आणि करायचं, ते जमिनीवरच. म्हणून डॉक्टर उड्डाण 10 मिनिटं थांबवत असतील तर कृपा करून त्यांच्या अंगावर जाऊ नका. तुमच्या माणसासाठी ती सगळ्यात मोलाची 10 मिनिटं असतात.

प्रश्न: वडिलांच्या डोक्याला मार आहे, पायाला परवाच प्लास्टर घातलं. नागपुरात उपचार सुरू आहेत. नातेवाईक म्हणतात, खासगी एअर अॅम्ब्युलन्सने मुंबईला हलवा. दोन एकर विकावे लागतील.
– एक मुलगी, यवतमाळ जिल्हा

उत्तर: बाळ, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच विचार: मुंबईत असं काय होणार आहे, जे इथे होत नाही? नागपुरात मेडिकलचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, ट्रॉमा सेंटर आहे, एम्स आहे. उत्तर नेमकं मिळालं नाही तर शेत विकू नको. नातेवाइकांचा आग्रह हे वैद्यकीय कारण नव्हे.

जायचंच ठरलं तर सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत हवा दिसते का, हे विचार. दिसत असेल तर उडायचं की नाही हे न्यूरोसर्जनच ठरवतील. ताजं प्लास्टर लांबीने चिरून घ्यायला सांग. आत सूज वाढते, अडकलेली हवाही फुगते. प्लास्टर न चिरता विमानाने पाठवलेला एक मुलगा मी पाहिला आहे. उतरला तेव्हा बोटं थंड आणि काळसर होती. पाठवणाऱ्यांनी पाच मिनिटांचं काम टाळलं होतं, त्याचा राग मला आजही येतो. आणि तिकडची खाट पक्की झाल्याशिवाय पैसे भरू नको.

प्रश्न: आमच्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरतं. मुलांना काय सांगू? पहिल्यांदा जखमींना असं कधी नेलं, हेही ती विचारतात.
– एक शिक्षक, एटापल्ली तालुका

उत्तर: गुरुजी, एप्रिल 1944, ब्रह्मदेशाचं जंगल. कार्टर हार्मन या अमेरिकी वैमानिकाने सिकोर्स्की हेलिकॉप्टरने शत्रूच्या मुलखात अडकलेला एक वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक बाहेर काढले. एका खेपेला एकच माणूस मावायचा आणि दमट उन्हात इंजिन तापायचं. मुलांना सांगा, आपल्यासारखंच जंगल होतं ते.

मैदानातले टिनाचे पत्रे, ताडपत्र्या, सुटे कपडे आधी उचला. उन्हाळ्यात पाणी शिंपडा, नाहीतर धुरळ्यात वैमानिकाला जमीन दिसत नाही. डोक्यावरचे दुपट्टे काढून कमरेला बांधा. जवळ जायचं ते वैमानिकाने हात केल्यावरच, समोरून आणि वाकून. शेपटीकडे कोणीही फिरकायचं नाही. तिथला छोटा पंखा इतका जोरात फिरतो की तो दिसतच नाही.

आणि एक काम तुमच्या मोठ्या मुलांना द्या. जखमीसोबत घरच्या माणसाला जागा मिळेलच असं नसतं. मग नाव, वय, मार कधी लागला, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, रक्त थांबवायला पट्टी केव्हा आवळली, घरचा फोन नंबर, हे सगळं डॉक्टर-सिस्टरला विचारून चांगल्या अक्षरात कागदावर लिहायचं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जखमीच्या मार न लागलेल्या मनगटाला बांधायचा, खिशात ठेवायचा नाही. दवाखान्यात पोचल्यावर कपडे कापून काढतात आणि खिसा त्यांच्यासोबतच जातो.