गाडी मधेच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते

प्रश्न: दादा नमस्कार. मी फोंडा तालुक्यातला, नोकरी वेर्ण्याला, त्यामुळे रोज बोरीच्या पुलावरून येणं-जाणं. गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 2019 मधे पुण्याच्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली, आता 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. एप्रिलपासून चालता चालता एकदम बंद पडते, धक्का नाही काही नाही, चावी फिरवल्यासारखी. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो की पुन्हा सुरू होते आणि मग चार दिवस काही नाही. चवथीच्या आदल्या दिवशी बुधवार पेठेतून माटोळीचं सामान घेऊन निघालो, मागे आई आणि मुलगी, फर्मागुडीच्या चढावर गाडी गेली आणि मागून बस, काळजाचं पाणी झालं. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा रिले, 14 हजार गेले. स्कॅनर लावला तर एररच नाही. आता तो पंप बदलूया म्हणतो. ऑफिसातला एकजण सांगतो की अशा गाड्या कंपनी परत बोलावते आणि फुकट करून देते, पण 2012 च्या गाडीला कोण विचारणार? बायको म्हणते विकून टाका. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी आई आणि मुलगी मागे असताना गाडी गेली त्याबद्दल बोलू, पंपाचं नंतर. इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं पण फिरतं, दोन्ही हातांनी जोर लावून धरा. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टरमधे एक-दोन दाबांपुरताच उरलेला असतो, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. हॅझर्ड लावा, गिअर न्यूट्रल, उतारावर असाल आणि गाडी पुढे सरकत असेल तर न्यूट्रलमधेच स्टार्टर मारून बघा आणि डावीकडे घ्या. चावी मात्र कधीच पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, स्टीअरिंग लॉक झालं की मग हातात काहीच राहत नाही. हे घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि दोष सापडेपर्यंत आई-मुलीला घेऊन घाटात किंवा हायवेला जाऊ नका, एवढं माझं ऐका.

आता गाडीचं. गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही, पण पार्ट बदलून बघणं म्हणजे निदान नव्हे. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत, एक म्हणजे धक्का न देता चावी फिरवल्यासारखी बंद पडते आणि दुसरी म्हणजे थंड झाली की चालू होते. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी सहसा आधी ओढत नाही, खोकते, चढावर दम टाकते, मग जाते. एका झटक्यात जाते तेव्हा माझा पहिला संशय विजेवर, आणि गरम झाल्यावर जाऊन थंड झाल्यावर परत येते तेव्हा क्रँक सेन्सरवर. हा छोटासा सेन्सर इंजिन कुठे फिरतंय ते ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला सांगतो, तो गप्प झाला की ईसीयूला वाटतं इंजिन थांबलंय आणि तो स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. आतली बारीक तार गरमीने ताणली जाऊन तुटते आणि थंड झाली की पुन्हा टेकते, म्हणून थंड गाडी गॅरेजला नेली की सगळं ठीक दिसतं. स्कॅनरला एरर का नाही तेही यातच आलं, बऱ्याच गाड्यांत ईसीयूला ते इंजिन नेहमीसारखं बंद झाल्यासारखं दिसतं आणि या सेन्सरचा पी 0335 हा एरर कोड पडतच नाही. म्हणजे कोड नाही यावरून सेन्सर चांगला असं ठरत नाही.

पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा घाबरायच्या आत तीन गोष्टी बघायच्या, एक वही गाडीतच ठेवा आणि तिथल्या तिथे लिहा. पहिली, आरपीएमचा काटा. गाडी गिअरमधे आहे, चाकं फिरतायत, म्हणजे क्लच दाबेपर्यंत चाकांच्या जोराने इंजिनही फिरत असतं, तरी काटा टपकन शून्यावर पडला तर सेन्सरचा सिग्नलच गेलाय. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर सेन्सर बोलतोय, दोष दुसरीकडे. दुसरी, डॅशबोर्ड. बॅटरी आणि ऑइलचे लाल दिवे लागले असतील तर चावीपर्यंत करंट आहे. पण सगळंच काळोख झालं, रेडिओही गेला, तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज नाहीतर इग्निशन स्विच. तिसरी, थांबल्यावर चावी ऑन करा पण स्टार्ट मारू नका आणि कान मागच्या सीटकडे द्या. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद हूंऽऽ करून थांबतो. आवाज आला नाही तर पंप, रिले, फ्यूज किंवा त्यांची वायर. आवाज आला आणि तरी इंजिन पकडत नाही तर मग स्टार्टर मारताना काट्याकडे बघा, चांगल्या सेन्सरवर काटा थोडा तरी थरथरतो, जराही हलला नाही तर संशय पक्का होत जातो. काही गाड्यांचा काटा स्टार्टरवर हलतच नाही, म्हणून गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवा म्हणजे फरक कळेल.

मेकॅनिक सोबत असेल तर अजून एक. गाडी बंद पडलेली आहे, गरम आहे, तेव्हा सेन्सरवर गार पाण्याचं ओलं फडकं दोन मिनिटं धरायचं, सायलेन्सरच्या पाइपला हात न लावता. लगेच सुरू झाली तर चोर सापडला. मी स्वतः एकदा एका गाडीवर आठवडाभर डोकं आपटलं होतं, पंप बदलला, कॉइल बदलल्या, मालक रोज फोन करायचा, आणि शेवटी ओल्या फडक्याने पाच मिनिटांत कळलं. तेव्हापासून पार्ट मागवायच्या आधी मी गाडी गरम करून बंद पाडतो. त्यात अख्खा दिवस गेला तरी चालेल.

पण सेन्सर घ्यायच्या आधी अर्थिंग बघाच, आपल्या गोव्यात तर आधी तेच. चार महिने पाऊस, खारी हवा, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढते आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी वरून बरी दिसते पण बोल्टखाली गंजलेली असते. बोल्ट काढून सँडपेपर मारा. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावायचं, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं, रीडिंग 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. मग गाडी सुरू ठेवून सेन्सरची वायर, फ्यूज बॉक्सची वायर, चावीच्या मागची वायर हळूच हलवून बघा, कुठे हात लावल्यावर इंजिन अडखळतं ते कळतं. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमधे येऊन बसतात, कुरतडलेली वायर टेपखाली लपलेली असते, तेही बघा.

चावीला काय काय लटकवलंय? घराच्या चाव्या, देवाचा बिल्ला, दुकानाची चावी असा जुडगा असेल तर उद्यापासून गाडीची चावी एकटी वापरा. जनरल मोटर्सने 2014 मधे अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या त्या इग्निशन स्विचमुळेच, आतली पकड कमकुवत होती, जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने चावी ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद आणि वर एअरबॅगही उघडायची नाही. त्यात 124 लोकांचे जीव गेले. तुमच्या गाडीत तोच दोष आहे असं नाही, पण जुना झिजलेला स्विच आणि जड जुडगा हे कुठल्याही गाडीला वाईटच, आणि करून बघायला पैसे लागत नाहीत. तसंच टाकी रिझर्व्हला नेऊ नका, पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं, दोन आठवडे अर्धी टाकी ठेवून बघा बंद पडणं कमी होतं का. कमी झालं तर पंपाकडे वळू, मग प्रेशर गेज लावून बघायचं, नुसत्या अंदाजाने पंप घ्यायचा नाही.

आता रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषाच्या गाड्या परत बोलावणं. तुमचा मित्र बरोबर सांगतोय, आणि "2012 च्या गाडीला कोण विचारणार" असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे कंपन्या 2012 पासून सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या नियमावलीप्रमाणे आपणहून रिकॉल जाहीर करतात. 1 एप्रिल 2021 पासून कायदाही लागू झालाय, सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं आणि दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत आहे, पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. त्यात तुमची बसत नाही. कंपनीने स्वतः जाहीर केलेली मोहीम मात्र वेगळी गोष्ट आहे, गाडी जुनी झाली किंवा दुसऱ्या हातात गेली म्हणून ती सहसा संपत नाही, काम फुकटच होतं.

उदाहरणं देतो म्हणजे लक्षात येईल. मारुतीने मार्च 2024 मधे 11,851 बलेनो आणि 4,190 वॅगनआर परत बोलावल्या, पंपाच्या मोटरमधे दोष, इंजिन बंद पडण्याची शक्यता, आणि त्या गाड्या 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019 मधे बनलेल्या. होंडाने ऑक्टोबर 2024 मधे 90,468 गाड्यांचे पंप बदलायला घेतले, त्याही बहुतेक 2017-18 च्या, म्हणजे सहा-सात वर्षांनंतर. त्याशिवाय 2,204 गाड्या अशा होत्या की ज्यांना तो पंप नंतर स्पेअर पार्ट म्हणून बसवला होता. म्हणून सांगतो, पंप बदलला असेल तर त्याचं बिल आणि पार्ट नंबर जपून ठेवा, आणि पंप आधी बदललाय म्हणजे आपला संबंध नाही असं समजू नका.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोम अशी आहे की गाडी पुण्याची. रिकॉलचं पत्र किंवा मेसेज कंपनीकडे ज्याचं नाव-नंबर असेल त्याला जातो. 2019 च्या आधी किंवा नंतर पत्र आलं असेल तर ते पुण्यातल्या त्या गृहस्थाच्या टेबलावर पडून असेल आणि तुम्हाला पत्ताच नाही. सेकंडहँड गाडीवाल्यांचं हे नेहमी होतं आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं, फुकटचं काम राहून जातं आणि माणूस गॅरेजला पैसे घालत बसतो.

म्हणून आरसी काढा, चेसिस नंबर 17 आकडी-अक्षरी असतो तो वहीत उतरवा. बॉनेटखाली फायरवॉलवर किंवा दरवाजाच्या खांबावर जी पट्टी असते तिच्याशी ताडून बघा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तसं दिसलं तर तो एक किंवा शून्य आहे. इथेच बरेच जण चुकतात आणि साइट "नंबर चुकीचा" सांगते. मग कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तो नंबर टाका. तेवढ्यावर थांबू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन काउंटरवर स्पष्ट विचारा, "या चेसिस नंबरवर कुठली कॅम्पेन ओपन आहे का, आणि आधी झालेली कुठली आहे का?" नुसतं "रिकॉल आहे का" विचारलं तर समोरची मुलगी मॉडेलचं नाव ऐकून नाही म्हणेल, नंबर कॉम्प्युटरवर घालायला लावा. रजिस्ट्रेशनचं वर्ष नाही, बनल्याचा महिना बघतात. आणि त्याच वेळी तुमचं नाव, मोबाइल, फोंड्याचा पत्ता त्यांच्या रेकॉर्डला घालून या. एअरबॅगच्या जुन्या मोहिमांचंही त्याच फेरीत विचारा, बंद पडण्याशी संबंध नसला तरी जिवाशी आहे.

मोहीम निघाली तर उत्तमच. नाही निघाली तर अर्थिंग, मग ओलं फडकं, मग सेन्सर, आणि सेन्सर ओरिजिनलच घ्या, स्वस्तातले दोन-तीन महिन्यांत परत तोच खेळ करतात. विकायचं म्हणाल तर दोष सापडल्यावर विका. असं न सांगता विकली तर उद्या दुसऱ्याची आई-मुलगी त्याच चढावर अडकेल. क्रँक सेन्सरच निघाला तर खर्च तुम्ही आधी घातलेल्या 14 हजारांच्या जवळपासही जाणार नाही. वही भरली की पुन्हा लिहा, काटा कसा पडला ते नक्की लिहा.

प्रश्न: दादा, मी पेडण्याहून. माझी गाडी 2008 ची. उन्हात कधी त्रास नाही, पण पाऊस लागला की सकाळी पाच-सहा किलोमीटर धक्के देत जाते आणि बंद. मेकॅनिक पेट्रोलमधे पाणी आहे म्हणतो. खरं का?

उत्तर: असू शकतं, पण बघितल्याशिवाय टाकी काढू नका. पंपाच्या पाइपमधून पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून घ्या, विडी-सिगारेट लांब ठेवून, आणि रात्रभर झाकून ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाला वेगळा थर दिसतो. आता पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, त्यामुळे टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला आणि पावसात टाकी रिकामी उभी ठेवू नका.

थर दिसला नाही तर रात्र झाल्यावर, पाऊस पडून गेल्यावर, अंगणातले दिवे बंद करा, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबून बघा. जुन्या प्लग वायरींना भेगा असतील तर निळ्या ठिणग्या वायरीवरून सरकताना स्पष्ट दिसतात. हात लावू नका. दिसल्या तर चारही वायरी एकदम बदला, एकच बदलून भागत नाही.