गच्चीवरचा ड्रोन आणि वाटाण्यावरचा ड्रोन

प्रश्न : भाच्याने दुबईहून छोटा कॅमेरावाला ड्रोन आणलाय. गच्चीवरून उडवतो म्हणतो, पण शेजारचे काका म्हणतात पोलीस येतील. खरंय का? आणि हे चार पंख्यांचं यंत्र वाऱ्यात एका जागी उभं राहतं कसं?
– एक मावशी, विश्रांतवाडी

उत्तर : मावशी, काका बरोबर बोलतायत. तुमच्या गच्चीवरून लोहगावचा विमानतळ किती जवळ आहे ते तुम्हाला रोजच्या आवाजावरून माहितीच आहे, आणि ती धावपट्टी मुळात हवाई दलाची. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) लागते, लाल झोनमध्ये थेट केंद्र सरकारची. विमानतळाला चिकटलेला भाग लालच. शिवाय पुण्यात दिघी, खडकी, खडकवासल्याला एनडीए, म्हणजे कुठल्या दिशेला गेलं तरी लष्कर आहेच, त्यामुळे 'आमच्या सोसायटीत सगळे उडवतात' हे कारण चालत नाही. सरकारच्या 'डिजिटल स्काय' वेबसाइटवरचा झोनचा नकाशा आधी उघडून बघायचा. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

आणि दुबईचं म्हणाल तर परदेशातून तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासूनच बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा सोडून. भाच्याला हे माहीत नसेल, पण विमानतळावर कस्टमवाल्याला नक्की माहीत असतं.

आता उभा कसा राहतो. मला यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलटे. सगळे एकाच दिशेने फिरले असते तर ड्रोनचं अंगच उलट्या बाजूला गरगर फिरलं असतं, हेलिकॉप्टरला शेपटीचा छोटा पंखा त्यासाठीच लागतो. पुढे जायचं तर मागचे दोन पंखे जरा जोरात फिरवायचे म्हणजे नाक खाली होतं आणि गाडी पुढे सरकते, वळायचं तर समोरासमोरची एक तिरकी जोडी वाढवायची आणि दुसरी कमी करायची. बास, एवढंच, ना सुकाणू ना हलणारे पंख. पण हा हिशोब माणसाच्या हाताने होणारच नाही, कारण वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला उत्तर द्यायचं असतं. म्हणून आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो जायरो नावाच्या सेन्सरकडून कळलेला कल बघून सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग बदलत राहतो. उंची हवेच्या दाबावरून कळते, जागा जीपीएसवरून. तुम्ही रिमोटवर दांडी ढकलता ती खरं तर विनंती असते, उडवतो तो कॉम्प्युटरच.

म्हणूनच लग्नाच्या हॉलमध्ये तोच ड्रोन वेड्यासारखा वागतो. छताखाली जीपीएस नीट मिळत नाही, मग तो हळूहळू सरकत झुंबराकडे जातो आणि खाली मामा ओरडतात.

बॅटरी साधारण २० ते ३० मिनिटं. दोन लावल्या तर दुप्पट चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही चालत, कारण दुसरीचं वजनही त्याच चार मोटरींना उचलायचं असतं.

प्रश्न : ड्रोन हे नाव कशावरून?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी तोफांच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं बिनपायलटचं विमान केलं, त्याचं नाव 'क्वीन बी'. राणीमाशीवरून पुढे नर माशी आली असं सांगतात. तेव्हा चार पंखे नव्हते बरं का, ते साधं दोन मजली पंखांचं विमान होतं. आजही सगळे ड्रोन चार पंख्यांचे नसतात, आपल्या डीआरडीओचं (संरक्षण संशोधन संस्थेचं) 'लक्ष्य' हे बिनपायलटचं विमान बघ.

प्रश्न : वाटाण्यावर फवारणीला ड्रोन घ्यावा का?
– एक शेतकरी, सासवड

उत्तर : दादा, आधी भाड्याने मारून बघा. १० लिटरच्या टाकीचा ड्रोन एक एकर साधारण १० मिनिटांत उरकतो, पण बॅटऱ्यांचे सेट आणि चार्जिंगला जनरेटर धरला की एकट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही असं माझं मत. गटात घेतला तर गोष्ट वेगळी. महिला बचत गटांना ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख मदत आहे. चालवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं: दहावी पास, वय १८ पूर्ण, आणि मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग.

तुमच्या तालुक्याला ड्रोन नवा नाही म्हणा, गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग सोनोरीतच झाला होता, पुढे २०२० मध्ये गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि २०२१ मध्ये ती देशभर गेली.

एक सांभाळा. पाठीवरच्या पंपापेक्षा पाणी खूप कमी लागतं म्हणजे औषध जास्त घट्ट असतं, आणि थेंब बारीक. वारा सुटला की ते शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जाणार. सकाळी लवकर उरका, आणि जवळ कुणाच्या मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.