जुना गुन्हा पुराव्यात आणण्याआधी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

दोषारोपात नसलेलं आरोपीचं जुनं कृत्य आपल्याला, सरकार पक्षाला, पुराव्यात आणता येतं का, असं तू विचारलंस. येतं. पण आधी कागदावर एक वाक्य लिही: ‘या खटल्यातल्या अमुक वादावर ही जुनी घटना प्रकाश टाकते, कारण...’ त्या ‘कारण’पुढे ‘हा माणूसच तसला आहे’ एवढंच सुचत असेल, तर तो पुरावा बाजूला ठेव. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे आरोपीचं वाईट चारित्र्य असंबद्ध, म्हणजे पुरावा म्हणून गैरलागू, आहे. बचाव पक्षाने त्याच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तरच उत्तरादाखल ते आणता येतं. (हा नवा अधिनियम 1 जुलै 2024 ला लागू झाला. त्या दिवशी आधीपासून चालू असलेला खटला असेल, तर जुना पुरावा कायदाच लागू, तिथे हे कलम 54.)

तुझं काम मुख्यतः कलम 12 आणि 13 वर चालेल, म्हणजे जुनी 14 आणि 15. कलम 12 मनाच्या अवस्थेबद्दल आहे: उद्देश, जाण, वैरभाव. कायद्यातलंच उदाहरण बघ. एखाद्याला गोळी घालून मारल्याचा खटला आहे. आरोपीने त्याच माणसावर पूर्वीही गोळी झाडली होती, हे संबद्ध. लोकांवर गोळ्या झाडायची त्याला सवय आहे, हे असंबद्ध. सगळा फरक इथेच आहे.

कलम 13 अपघात की मुद्दाम, या वादासाठी. विम्याच्या पैशासाठी स्वतःचं घर जाळल्याचा आरोप आहे. आरोपी एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली आणि दर वेळी वेगळ्या कंपनीकडून पैसे मिळाले. हे कायद्याने संबद्ध मानलं आहे. मात्र कलमातले शब्द नीट वाच: सारख्या घटनांची मालिका हवी आणि प्रत्येक घटनेत आरोपीचा संबंध हवा. एकाच जुन्या आगीला मालिका म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आणि बचाव ‘आग लागली तेव्हा मी तिथे नव्हतोच’ असा असेल, तर या कलमाचा आधार लंगडा पडतो. हे कलम कृत्यामागचा उद्देश दाखवतं. कृत्य त्यानेच केलं, हे तुला आधी इतर पुराव्याने उभं करावं लागेल.

आता सगळ्यात जास्त खटले जिथे घसरतात ते. जुन्या एफआयआरची आणि दोषारोपपत्राची नक्कल जोडली की जुना गुन्हा सिद्ध झाला, असं समजलं जातं. तसं नाही. एफआयआर हा स्वतंत्र पुरावा नाही आणि दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचं मत. प्रत्येक जुन्या आगीसाठी माणूस पिंजऱ्यात उभा कर: विमा कंपनीचा दावा विभागातला अधिकारी मूळ फाइलसह, नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर, अग्निशमन दलाचा अहवाल लिहिणारा. बँक खात्याचा उतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे प्रमाणित करून घे. संगणकावरच्या नोंदी असतील तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र दोन्ही भाग भरून हवं. विमापत्रावरचं नाव आणि पिंजऱ्यातला आरोपी एकच, हे साक्षीदाराच्या तोंडून आलंच पाहिजे. नेमकं हेच विसरलं जातं. हे साक्षीदार यादीत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 348 खाली वेळेत अर्ज कर आणि बचावाला नकला दे. ऐनवेळी आणलेला असा पुरावा अन्याय्य दिसतो, आणि बहुधा असतोही.

जुन्या खटल्यात आरोपी सुटला असेल, तर त्या निकालात त्याच्या बाजूने ठरलेली बाब खोटी पाडायला साक्षीदार आणू नकोस.

तपासी अंमलदाराला सरतपासाआधी, म्हणजे तू त्याची साक्ष घेण्याआधी, स्पष्ट सांग: ‘आरोपीवर इतर ठाण्यांतही गुन्हे दाखल आहेत’ हे वाक्य विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आपल्याकडे ज्यूरी नाही, न्यायाधीश ते बाजूला ठेवतील, असं तुला वाटेल. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 169 प्रमाणे चुकीचा पुरावा आल्याने निकाल आपोआप रद्द होत नाही, हेही खरं. पण अपिलात उच्च न्यायालय तो पुरावा वगळून उरलेला तपासतं. उरलेला दुबळा असेल, तर शिक्षा टिकत नाही.

मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मात्र वेगळा. तिथे मागच्या दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं, ज्यांची न्यायालयाने दखल घेतली आहे, हा गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग आहे. तिथल्या सवयी साध्या सत्र खटल्यात आणू नकोस.

पूर्वीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल, तर ती बाब दोषारोपात लिही. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 259 प्रमाणे आरोपी दोषी ठरेपर्यंत ती वाचून दाखवायची नाही, की तिचा उल्लेखही करायचा नाही.