मीठ बरोबर आहे का बघा

प्रिय सोनू,

शनिवारी तुझा मित्र जेवायला थांबला होता. तो 'नको' म्हणाला तरी मी आणखी दोनदा पोळी पुढे केली. तो गेल्यावर तू म्हणालास, "आई, नको म्हणजे नको. तुमच्या मराठीत सगळं ओळखायलाच का लागतं?" मी भांडी घासत राहिले. 'तुमच्या' हा शब्द लागला.

लालबागच्या आजीची खोली तू पाहिली आहेस. पलीकडच्या खोलीत कुणी स्टोव्हला पंप मारला तरी आमच्याकडे ऐकू यायचं. मी आठ वर्षांची होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आपले आजोबा पोस्टात, त्यामुळे आमचा पगार येत होता. शेजारचे काका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते.

पावसाळ्यातल्या एका सकाळी आजी वेणी घालता घालता थांबली. म्हणाली, "आज पलीकडचा स्टोव्ह वाजला नाही." मग तिने मोठा डबा भरला, भात आणि वर आमटी. मला बजावलं, "म्हणायचं, आईने विचारलंय, मीठ बरोबर आहे का बघा." मी म्हटलं, "चाखायला एवढं?" तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पलीकडच्या मावशींनी डबा घेतला, दार लोटून घेतलं. मी गॅलरीत बराच वेळ उभी होते. डबा घासून परत आला, आत चार आमसुलं. "मीठ बरोबर आहे म्हणावं." संध्याकाळी नळावर त्या दोघी पाणी किती वाजता जाणार, एवढंच बोलत होत्या. असे डबे नंतर पुष्कळ गेले. मीठ कधी कमी निघालं नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. ते कुटुंब मात्र वर्षभराने गावी गेलं आणि खोलीला कुलूप लागलं.

मागायची वेळ येऊ न देणं, मी हे असं शिकले. म्हणून 'नको' ऐकलं की माझा हात आपोआप पुढे होतो. पण तुझा मित्र उपाशी नव्हता, भिडेखातरही बोलत नव्हता. स्टुटगार्टमध्ये वाढलेला मुलगा नको म्हणाला, कारण त्याला नको होतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. आजीने पाहिलं असतं, असं वाटतं.

आणि खरं सांगू? सगळ्यांचं ओळखणाऱ्या आजीचं आमच्यापैकी कुणी ओळखलं नाही. त्या दिवसांत मी एकदाच विचारलं होतं, "तू जेवलीस?" ती "हो" म्हणाली आणि मी खेळायला पळाले. त्या 'हो'चा विचार मी अजून करते. तिने सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हेही वाटतं. तेव्हा तुझं म्हणणं अगदीच चूक नाही.

तू हे सगळं उचलावंस असा माझा आग्रह नाही. मित्राला पुढच्या वेळी एकदाच विचारेन.

गेल्या बुधवारी तू शाळेतून आलास, दार लावून घेतलंस आणि जेवताना भात चिवडत बसलास. मी चार दिवस आपली ओळखत बसले आहे. मला ओळखता आलेलं नाही, सोनू. काय झालं होतं?

तुझी,
आई