पृथ्वीची आस का डुलते?

प्रश्न : भोवरा पडण्यापूर्वी डुलू लागतो. पृथ्वीची आसही तशीच डुलते असे वाचले. मग पृथ्वीही कधी तरी कलंडेल काय?

उत्तर : कलंडणार नाही. भोवरा पडतो तो जमिनीशी घासून त्याची गती सरते म्हणून, डुलण्यामुळे नव्हे. पृथ्वीला घासायला जमीनच नाही.

डुलण्याचे मूळ तिच्या आकारात आहे. स्वतःभोवती फिरत राहिल्याने पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगली असून तिथला व्यास ध्रुवांमधून मोजलेल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त भरतो. आस २३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे सूर्य आणि चंद्र हा फुगवटा तिरका ओढतात, आणि त्या ओढीचा रोख आस सरळ उभी करण्याकडे असतो. (भोवऱ्याच्या बाबतीत तो आडवे पाडण्याकडे असतो, हा फरक सहसा सांगितला जात नाही.) फिरणारी वस्तू मात्र अशा ओढीपुढे झुकत नाही, तर तिच्या काटकोनात सरकते, म्हणून कल जवळपास तेवढाच राहून आस आकाशात वर्तुळ काढते. एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. चंद्र जवळ असल्याने यातला दोन तृतीयांश वाटा त्याचाच. त्याची तिरपी कक्षा १८.६ वर्षांत एक फेरा घेत असल्याने या वर्तुळावर बारीक हेलकावेही उमटतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली यांनी ते १७४८ मध्ये जाहीर केले.

याचा पुरावा आपल्या घरच्या पंचांगातच आहे. सूर्य २१–२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, संक्रांत मात्र १४–१५ जानेवारीला येते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, ऋतू आसेवरून. आस ७२ वर्षांत एक अंश सरकते आणि तेवढ्यात संक्रांत एक दिवस पुढे जाते.

उपग्रहांचे हेलकावे निराळे असतात. शनीचा एन्सेलाडस किंचित लांबट आहे व त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, म्हणून शनीच्या ओढीने तो फिरता फिरता मागेपुढे झुलतो. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या छायाचित्रांवरून हा झोका मोजला, तेव्हा एकसंध घन गोलाच्या मानाने तो फार मोठा निघाला. गोटा सुटलेला नारळ जसा हलवताच कळतो, तसे बर्फाचे कवच आतल्या खडकाला चिकटलेले नसून मध्ये सर्वत्र समुद्र पसरला आहे, हा निष्कर्ष त्यावरून २०१५ मध्ये काढण्यात आला.