किसननगरचे काका मंगळवारी येणार आहेत

प्रश्न (पत्र संक्षिप्त केलं आहे): ताई, मी २८ वर्षांची आहे. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेच्या डेस्कवर चार वर्षं काम करते. आमच्याकडे मोफत शिबिर झालं की आलेल्या माणसांना दहा मिनिटं कॉटवर झोपवतात, हाताला सलाईनची पट्टी चिकटवून फोटो काढतात. मग त्यांच्या नावावर चार-चार दिवसांचं अ‍ॅडमिशन दाखवून क्लेम टाकतात. बाबा गेल्यावर मोठ्या सरांनीच मला ही नोकरी दिली. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. परवा किसननगरचे एक काका कार्डावरची शिल्लक कमी कशी झाली विचारायला आले होते, त्यांना सर्व्हर डाऊन आहे सांगून परत पाठवलं. बायकोच्या डायलिसिसला मंगळवारी येतील तेव्हा पुन्हा विचारतील. नवरा म्हणतो, सरकारचे पैसे आहेत, तुझं काय जातंय? तक्रार करू, की नोकरी बदलून मोकळी होऊ?

उत्तर: तुझ्या मूळ पत्रात सरांच्या उपकारांवर दीड पान आहे, हप्त्यावर एक पान आहे आणि काकांवर दोन ओळी. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या दोन ओळींशी अडले.

नवऱ्याला सांग, हे सरकारचे पैसे नाहीत. निदान आता राहिलेले नाहीत. या योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात ते अख्ख्या घराला मिळून, माणशी नव्हे. हे तू काउंटरवर दिवसातून वीस वेळा लोकांना समजावत असशील. मग शिबिरात बीपी मोजायला आलेल्या माणसाला कागदावर चार दिवस अ‍ॅडमिट केलं की ती रक्कम कुठून वजा होते? त्याच्याच घरच्या वाट्यातून. काकूंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा, तेही वर्षभर, त्याच वाट्यातून चाललंय. वर्ष सरायच्या आत शिल्लक संपली तर तो माणूस काय विकेल याचा विचार केलायस? त्या बाईला डायलिसिस पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही गं.

सरांबद्दल तू इतकं हळवं लिहिलंयस की मला राग आला. त्यांनी नोकरी दिली, तू चार वर्षं राबलीस, फिटलं ते. काकूंच्या उपचाराच्या पैशातून त्यांचे उपकार फेडायचं कारण नाही.

तेव्हा मंगळवारी काका आले की त्यांना खरं सांग. हे एवढंच कर, पण नक्की कर.

काउंटरवर नको. चहाच्या सुट्टीत गेटबाहेर गाठ, आणि त्यांच्या नावावर कोणत्या तारखांना अ‍ॅडमिशन दाखवलंय ते सांग. त्यांची स्वतःचीच माहिती त्यांना देते आहेस, चोरून काही करत नाहीस. मग त्यांच्या फोनवरून, त्यांच्या कार्ड नंबरवर तक्रार लावायची. केंद्राच्या आयुष्मान भारतचा नंबर १४५५५, राज्याच्या महात्मा फुले योजनेचा १५५३८८. तक्रार नोंदवल्याचा नंबर मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. त्यांना शब्द जुळवायची गरज नाही. ‘या तारखांना मी घरी होतो, हॉस्पिटलात नव्हतो’ इतकं पुरे. हॉस्पिटलाने प्री-ऑथ (म्हणजे उपचाराआधी घ्यायची मंजुरी), कॉटवरचा फोटो, डिस्चार्ज असं सगळं योजनेच्या संगणकावर चढवलेलं असतं, ते तपासणाऱ्यांना उघडून बघता येतं. खोटं ठरलं तर हॉस्पिटलकडून पैसे वसूल होतात, दंड होतो, योजनेच्या यादीतून नावही जातं.

तू एकटीने पुढे होऊन तक्रार कर असं मी म्हणत नाही, त्याला कारण आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत झाला खरा, पण तो अंमलात आलेलाच नाही, आणि तो लिहिला गेला तोही सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारांसाठी. त्याच्या भरवशावर मी तुझ्या घराचा हप्ता पणाला लावणार नाही. काका मात्र लाभार्थी आहेत, विचारणं हा त्यांचा हक्क आहे, त्यांना कुणी कामावरून काढू शकत नाही. चौकशीला माणसं आली आणि तुला विचारलं, तर तेव्हा मात्र खरं बोलायचं. तिथे सर्व्हर डाऊन चालणार नाही.

फोन लावण्याआधी काकांच्या कार्डाला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय तेही बघ. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच नंबरवर नोंदलेले सापडले होते, दहाच्या दहा आकडे नऊ. काकांच्या कार्डाला भलताच नंबर असेल तर मेसेज त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नसतील.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. हे क्लेम कुणाच्या लॉगिनवरून जातात? तुझ्या असतील तर आजपासून एकही टाकू नकोस आणि पासवर्ड बदल. नोकरी सोडलीस तरी त्या नोंदींवरचं तुझं नाव तिथेच राहतं. इतर पेशंटच्या फायलींचे फोटो काढून कुणाला व्हॉट्सअ‍ॅप मात्र करू नकोस. वहीत तारखा लिहून ठेव, कुठल्या दिवशी शिबिर होतं, कॉटवर किती जणांना झोपवलं.

नोकरी जरूर बदल. मंगळवारनंतर.

काकांशी बोलायला जीभ रेटणार नाही, मला माहीत आहे. ‘काका, त्या दिवशी सर्व्हर चालू होता, मी खोटं बोलले’ इथून सुरुवात कर. ते चिडतील, चारचौघांत बोलतीलही. बोलू देत, तू तिथून हलू नकोस. मग कागद-पेन पुढे कर आणि पहिला नंबर तू लावून दे, या वयाच्या माणसांना फोनमध्ये ‘एक दाबा, दोन दाबा’ जमत नाही.