विद्यापीठात प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या पर्यावरण कार्यशाळा घ्यायच्या आहेत. सुरुवात कशापासून करावी?

तुम्ही लिहिलंय की हरित मंडळाची व्याख्यानं आणि पोस्टर स्पर्धा करून झाल्या, आता मुलांच्या हाताला काम द्यायचंय, पैसे बेताचे आहेत, आणि मागच्या वर्षीचं खताचं पिंप सुट्टीत इतकं घाण वासायला लागलं की ते उचलून टाकावं लागलं. मी पुण्यात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही मुलं अशा कामांना बोलावतात, म्हणून लिहितोय.

त्या पिंपाचंच आधी बघू. वास येतो तो ओलं जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. मेसमधल्या खरकट्यात नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन कमी. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५–३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो आणि तो कार्बन तुमच्या आवारात फुकट पडलेला आहे. वाळलेली पानं. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन-तीन बादल्या पानं, एवढं प्रमाण डोक्यात ठेवलं तरी चालतं. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पानं टाका. पिंपाऐवजी कोंबडीच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा गोल पिंजरा करा, म्हणजे चारही बाजूंनी हवा लागते आणि गरम व्हायला पुरेसा ढीगही होतो. चांगला जमलेला ढीग आतून ५५ अंशांच्या वर जातो. मध्यभागी लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि चार दिवसांनी मुलांना ती बाहेर काढून हात लावायला सांगा. मात्र बेताने, चटका बसतो. कार्बन-नायट्रोजनचं गणित त्यानंतर फळ्यावर लिहा. आधी लिहिलंत तर अर्धी मुलं मोबाइलमध्ये जातात.

अडचण वेळापत्रकाची आहे. आपल्याकडे पानगळ जोरात असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि मग सुट्टी. म्हणजे ढीग भरायला मुलं असतात, लक्ष ठेवायला कुणी नसतं. तुमचं पिंप तिथेच मेलं असणार. म्हणून माझा एकच आग्रह असतो: सुट्टीत जो माणूस आवारात असतो, त्याच्याशिवाय कार्यशाळा घेऊ नका. माळीकाका, मेसमध्ये ताटं रिकामी करणाऱ्या मावशी, वसतिगृहाचा वायरमन. त्यांना समारोपाला शाल-नारळ देऊन उपयोग नाही. पहिल्या दिवसापासून ते शिकवणारे म्हणून हवेत, आणि मानधन बजेटमध्ये लिहिलेलं हवं. शनिवारी दुपारी तीनची वेळ मुलांना सोयीची असते, माळ्याला नसते. त्याची पाळी सकाळी सातला सुरू होते, तर तुम्हीही सातला या. मुलं कमी येतील; पंधरा आली तरी भरपूर.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले लोक कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करू लागले आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्याच कामातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. सुक्या कचऱ्याची कार्यशाळा घेणार असाल तर अशा एखाद्या ताईला बोलवा आणि वसतिगृहाचा एक दिवसाचा सुका कचरा ताडपत्रीवर ओता. कुठलं प्लॅस्टिक भंगारात विकलं जातं आणि कुठलं नाही, हे ती हाताने चुरगाळून, आवाजावरून सांगते. वेफर्सच्या पाकिटाला भाव का मिळत नाही हे एकदा तिच्या तोंडून ऐकलं की वेगळी व्याख्यानमाला लागत नाही.

आणखी एक कार्यशाळा दुरुस्तीची घ्या. वसतिगृहात मंद फिरणारे पंखे असतातच. आवाज न करता हळू फिरणाऱ्या पंख्याचा बहुतेक वेळा कपॅसिटर (पंख्याला जोर देणारा छोटा भाग) कमजोर झालेला असतो, नेहमीच्या छताच्या पंख्यात तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा. किंमत अगदी किरकोळ, बदलायला अर्धा तास. घरघर येत असेल तर ते बेअरिंग, त्यात मुलांना घालू नका. हे काम वायरमनच्या देखरेखीखालीच. नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (फळीवरचा सुरक्षेचा खटका) पाडायचा, कारण जुन्या इमारतींत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, म्हणजे ते बंद केलं तरी पंख्यापर्यंत वीज येतच असते. कपॅसिटर काढण्याआधी त्यातली वीज उतरवायची, हेही त्याच्याकडूनच शिका. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिना पोस्टमा यांनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला, त्याचीही पद्धत अशीच: बिघडलेली वस्तू घेऊन यायचं आणि जाणत्याच्या शेजारी बसून दुरुस्त करायची. आपल्या गल्लीत हे आधीपासून होतं म्हणा, फक्त शेजारी बसायला जागा नव्हती.

बीजगोळे, कापडी पिशव्या रंगवणं, बाटलीत रोपं लावणं यांच्या वाटेला मी जात नाही. फोटो छान येतात. आणि कार्यशाळेसाठी टी-शर्ट छापू नका, कृपा करून.

मुलं कुठून आणायची असं विचारलंय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलून हे तास त्यात धरून घ्या. परवानगीसाठी मात्र कुलसचिवांना लिहिताना पर्यावरणप्रेमाने सुरुवात करू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांमध्ये विद्यापीठांचा नावानिशी उल्लेख होता आणि ओल्या कचऱ्याची व्यवस्था शक्यतो आवारातच करायला सांगितलं होतं; पत्रात मात्र आज लागू असलेला नियम बघून घाला. २०१६ च्याच डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साधा दंड ५,००० रुपये, मोठा ढीग जाळला तर २५,०००. आवारात पानं पेटवतात त्या कोपऱ्याचा फोटो पत्राला जोडा आणि खाली पिंजऱ्याच्या जाळीचा खर्च लिहा.